‘टु’च्या पुढे काय

त्या इमारतीला पाच मजले होते आणि लिफ्ट एकच. जाळीच्या दाराची, पितळी मुठीची, सुरू होताना दमलेल्या माणसासारखा उसासा टाकणारी. तिच्या कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर गेली सव्वीस वर्षं एकच माणूस बसत होता. सगळे त्याला काका म्हणत. तो तिशीचा होता तेव्हाही म्हणत, कारण पहिल्यापासून त्याचा चेहराच तसा होता: समोरच्याचं सगळं ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही.

जाळी ओढायची, मूठ फिरवायची आणि मजला आला की लिफ्टची जमीन बाहेरच्या फरशीला बरोबर टेकवायची, एवढंच काकांचं काम. पण त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणाच्या पायाला कधी ठेच लागली नाही. हात आपोआप चालत आणि मन मोकळं राही. जाळीतून भिंत खाली सरके, मग उजेडाचा एक पट्टा, मग पुन्हा भिंत. कधीकधी काकांना वाटे, आपण जागच्या जागी आहोत, इमारतच बिचारी वर-खाली करते आहे.

चौथ्या मजल्यावर इंग्रजीचा क्लास होता. मोठी माणसं शिकायला येत: नर्स, दुकानदार, नोकरी बदलू पाहणारे. मॅडमनी त्यांना ताकीद दिली होती, पायरी चढल्यापासून इंग्रजीच बोलायचं. त्यामुळे लिफ्टमध्ये इंग्रजीची गर्दी व्हायची.

“आय ॲम सो हॅपी टु...” एक नर्स म्हणायची, आणि चौथा मजला यायचा.

“शी वॉज अफ्रेड टु...” आणि जाळी बंद.

ऐकून ऐकून काकांना शब्द कळायला लागले होते. हॅपी म्हणजे आनंद, अफ्रेड म्हणजे घाबरलेली. इंग्रजी माणूस आधी मनाचं सांगतो, मग एक बारीकसा ‘टु’ म्हणतो आणि मग कामाचं सांगतो, इथपर्यंत त्यांनी ताडलं होतं. आपलं उलटं. आपण ‘सांगायला घाबरते’ म्हणतो, आधी सांगणं, मागून घाबरणं. अडचण एवढीच, की इंग्रजीतलं ते कामाचं क्रियापद दरवेळी बोलणाऱ्याबरोबर व्हरांड्यातून निघून जाई. काकांच्या वाट्याला उरे आनंद, भीती आणि ‘टु’.

मग ते स्वतःच वाक्यं पुरी करत. ती नर्स कशाने हॅपी? कोणाला तरी घरी सोडायला? खिडकी उघडायला? आणि ती दुसरी, कोण जाणे कोण, ती कशाला घाबरली होती? एखाद्या दिवशी काका तिला आलेलं पत्र उघडायला घाबरवत, एखाद्या दिवशी नाही म्हणायला. पाचव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तिचं अख्खं आयुष्य उभं राही आणि तळमजल्यावर विरघळून जाई.

घरीही तेच. काकू शर्टांच्या कॉलरी शिवून दुकानाला देत. मशीन थांबवून त्या विचारत, “अहो, मी काय म्हणाले?”

“काय म्हणालीस?”

“घ्या! देह इथे आणि मन तिसऱ्या मजल्यावर.”

एका दुपारी लिफ्टमध्ये एक पाहुण्या बाई आल्या. सत्तरीच्या, उंच, हातात काठी आणि खांद्याला पुस्तकांची पिशवी. मॅडमच्या त्या जुन्या शिक्षिका, दुसऱ्या देशातून आलेल्या, क्लासमध्ये चार शब्द बोलणार होत्या. इंग्रजीखेरीज त्यांना काही येत नव्हतं. तिसरा मजला मागे पडला आणि वीज गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली.

काकांना याची सवय होती. बाईंना नव्हती. त्यांनी जाळी घट्ट धरली, बोटं पांढरी पडली. श्वास वरच्या वर यायला लागला. काकांनी पटकन स्टूल पुढे केलं, त्यांना बसवलं, पण धीर कोणत्या भाषेत द्यायचा? वरून व्हरांड्याचा पातळ उजेड येत होता, त्यात धूळ तरंगत होती. काकांनी त्या धुळीकडे पाहत असलेलं नसलेलं सगळं इंग्रजी गोळा केलं.

“अफ्रेड टु...?” ते म्हणाले, आणि गाडी तिथेच अडली. पुढचं त्यांच्याकडे नव्हतंच.

बाईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, “टु फॉल.” आणि बोट खाली दाखवलं.

फॉल. पडायला! काकांना हसूच फुटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी वाक्य त्यांच्या हातात पुरं करून दिलं होतं. त्यांनी पाय आपटून दाखवला, वरच्या दोराकडे बोट केलं, दंडाची बेटकुळी काढून दाखवली. “नो फॉल!”

बाईंचा श्वास जरा खाली बसला. काकांना जोर चढला. “हॅपी टु...?”

“टु स्विम,” बाई म्हणाल्या आणि बसल्या बसल्या हातांनी पाणी कापू लागल्या. त्या अर्ध्या उजेडात काकांना खरंच वाटलं, की लिफ्टमध्ये गुडघाभर पाणी आलं आहे, हिरवट आणि कोमट, आणि या बाई त्यात सावकाश पुढे चालल्या आहेत.

“सॉरी टु...?” काकांच्या तोंडून निघून गेलं.

बाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, “टु लीव्ह.” मग “माय सिस्टर” म्हणाल्या आणि तळहात दूर, जाळीपलीकडे नेला. काकांना तेवढं पुरलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. दोघं धुळीकडे बघत राहिले.

मग बाईच म्हणाल्या, “अँड यू? हॅपी टु...?”

काकांना हे कोणी विचारलं नव्हतं. इतरांची इतकी वाक्यं पुरी केली, पण स्वतःच्या वाक्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. गोंधळून ते आपल्याच भाषेत बोलून गेले, “बोलायला.” आणि चकित झाले, कारण ते खरं होतं.

“टु बोलायला,” बाई काळजीपूर्वक म्हणाल्या.

“नाही नाही,” काका मराठीतच समजावू लागले, “तुमचा ‘टु’ आमच्यात मागे बसतो. ‘ला’ लावला ना, त्यातच आला तो.” बाईंना अक्षर कळलं नाही, पण दोघंही खो खो हसले.

चाळीस मिनिटांनी वीज आली. काकांनी लिफ्ट चौथ्या मजल्याला अलगद टेकवली. उतरताना बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि दाराशी आलेल्या मॅडमना भराभर काहीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम लिफ्टपाशी आल्या. “काका, एक ते दोन लिफ्ट बंद असते ना? डबा घेऊन वर या. माझ्या वर्गाला नियम तोंडपाठ आहेत, पण परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की दातखीळ बसते. तुमचं उलटं आहे.”

काका मागच्या बाकावर बसू लागले. चुका तर इतक्या, की वर्ग खूश असे. ‘हॅपी टु गोइंग’ म्हणायचे, ‘हॅपी टु वेंट’ म्हणायचे. मॅडम सांगत, “काका, ‘टु’नंतर क्रियापद जसं जन्माला आलं तसंच. शेपूट नाही, काळ नाही.” एकदा त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. काका इज इझी टु फाइंड. काका इज ईगर टु फाइंड. इझी म्हणजे सोपा, ईगर म्हणजे उत्सुक.

“सांगा, फरक काय?”

दोन्ही वाक्यांची ठेवण अगदी सारखी, जुळ्या बहिणींसारखी. काका फळ्याकडे बघत राहिले आणि त्यांना दोन्ही वाक्यांमधून चालत जाणारा काका दिसला.

“पहिल्यात मी सापडतो,” ते हळूच म्हणाले. “दुसऱ्यात मीच काहीतरी शोधतो.”

मॅडमनी खडू खाली ठेवला. “याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं.”

आठवडाभर काका त्या दुसऱ्या वाक्यात राहिले. घरी काकूंना समजावू लागले, तर त्या कॉलर उलटवत म्हणाल्या, “तुम्ही काय शोधताय देव जाणे. समजायला अवघड आहात, एवढं खरं.”

“हार्ड टु अंडरस्टँड!” काका ओरडले. “तू बरोबर बोललीस!”

“बरोबर बोलायला मला तुमचा फळा लागत नाही.”

पण एक गोष्ट काका कोणाजवळ बोलले नव्हते. इमारतीच्या मालकांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, की वर्षभरात बटणांची लिफ्ट येईल, तिला माणूस लागणार नाही. दोन महिने ते हे मनात घेऊन वर-खाली करत होते. त्या संध्याकाळी काकूंनी मशीनवर झाकण टाकलं आणि काकांनी, आधी मनाचं, मग कामाचं, अशा क्रमाने सांगून टाकलं.

“मी घाबरलोय. तुला सांगायला घाबरलोय. लिफ्ट जाणार आहे.”

काकू शेजारी येऊन बसल्या. “मला वाटलं तब्येतीचं काही लपवताय. रोज रात्री तुमचा श्वास मोजत होते मी.” आणि त्यांना एकदम रडू आलं. काका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या रात्री ते दोघं जितकं बोलले, तितकं गेल्या पाच-सहा वर्षांत मिळून बोलले नसतील.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ठणकावलं, “मॅडमना सांगा. तोंड आहे ना?” काकांनी सांगितलं. मॅडमना नव्या शिकणाऱ्यांशी तासभर बोलत बसणारं, चुकायला न लाजणारं माणूस हवंच होतं. शिवाय चौकशीच्या टेबलावरही कोणी नव्हतं. मात्र परीक्षा द्यावी लागेल, म्हणाल्या.

काकांनी पन्नाशी उलटल्यावर परीक्षा दिली. एकसष्ट मार्क पडले. लेखी पेपरात दांडी उडता उडता राहिली, तोंडीने तारलं. बटणांची लिफ्ट आली त्या महिन्यात ते चौथ्या मजल्यावरच्या टेबलामागे बसले.

प्रमाणपत्र काकांना भिंतीवर लावायचं होतं. काकूंनी ते कपाटात, नव्या कापडाच्या घडीखाली सपाट ठेवलं. म्हणाल्या, भिंतीवर ऊन येतं, शाई उडेल. पाहुणे आले की मात्र त्या स्वतःच ते बाहेर काढतात, आणि हात पुसल्याशिवाय कोणाला धरू देत नाहीत.