शिवलेला टायर

पडद्यांच्या दुकानात सगळ्याजणी तिला मास्तरीणबाई म्हणत. तेवीस वर्षं ती तिथे पडदे आणि सोफ्याच्या खोळी शिवत होती. दुसरीची वाकडी शिवण दिसली की उसवून पुन्हा घालायला लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. बावन्नाव्या वर्षी तिने आठ दिवसांची रजा काढली आणि सायकलवर एकटीच निघाली. थेट समुद्रापर्यंत, चारशे दहा किलोमीटर.

नवरा आधी हसला, मग त्याने दोन दिवस अबोला धरून पाहिला आणि शेवटी अट घातली. "जा बाई, जा. पण एकदा जरी 'न्यायला या' म्हणालीस, तर धाकट्या भावाला टेम्पो घेऊन पाठवीन. सायकल मागे, तू पुढे, सरळ घरी. परत हा विषय काढायचा नाही."

"कबूल," ती म्हणाली. तणतणत माणूस काहीही कबूल करतं.

तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला उतारावर मागच्या चाकाखाली पत्र्याचा तुकडा आला. टायर कडेला बोटभर फाटला, ट्यूबच्या चिंध्या झाल्या. पुढचं गाव सव्वीस किलोमीटरवर. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

ती काही घाबरली नाही. फाटलेलं शिवायचं, एवढंच ना? सोफ्याची जाड सुई आणि नायलॉनचा दोरा पिशवीत होताच. पुलाच्या कठड्यावर बसून तिने टायर असा सुबक शिवला की दुकानात नमुना म्हणून टांगावा. गाठी सगळ्या आतल्या अंगाला. मग जवळची एकुलती एक नवी ट्यूब घातली, हवा भरली आणि ऐटीत निघाली.

तीन किलोमीटरवर चाक बसलं. ट्यूबला पॅच लावला. दोन किलोमीटरवर पुन्हा बसलं. पुन्हा पॅच. डबीत तीनच पॅच होते, आता एक उरला. दीड किलोमीटर जेमतेम झालं असेल, तोच मागून फुस्स. ती खाली उतरली आणि सायकल तशीच हातात धरून उभी राहिली. बाटलीतलं पाणी तळाला गेलं होतं. डोळ्यांत पाणी येतंय म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात फोन.

"कुठवर आलीस?"

"सावलीत बसलेय."

"आवाज का असा?"

"चढ होता."

"सकाळी तर म्हणालीस, आज सगळा उतारच आहे."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, टेम्पो सांगू का?"

'सांगा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. "अहो, मी बोलावल्याशिवाय टेम्पो आला ना," ती म्हणाली, "तर त्यातून तुमची सायकल जाईल, माझी नाही."

"माझ्याकडे सायकल कुठेय?"

"म्हणूनच सांगतेय," असं काहीतरी निरर्थक बोलून तिने फोन ठेवला.

मग ट्यूब मांडीवर पसरून तिने नीट पाहिली. दोन पॅच आणि नवं भोक, तिन्ही हाताच्या पंज्याएवढ्या जागेत. तिने टायरच्या आत बोट फिरवलं. बोटाला गाठ टोचली. पुढे आणखी एक, पक्की ओढलेली, खड्यासारखी टणक.

"अगं बाई, काय हे!" ती मोठ्यानेच म्हणाली. गाठ आत, गाठ आत, म्हणून तेवीस वर्षं पोरींच्या पाठी लागली होती ती. पडद्याला बाहेरून बघतात. टायरला बघतंय कोण? त्याच्या आत ट्यूब राहते.

तिने सगळी शिवण उसवली. जन्मात पहिल्यांदा गाठी बाहेर ठेवल्या, त्याही धसमुसळ्या. फाटक्या ट्यूबचा तुकडा कापून आतून अस्तर दिलं. शेवटचा पॅच लावला, थोडी कमीच हवा भरली आणि देवाचं नाव न घेताच निघाली, कारण श्वास पॅडलला लागत होता. दर दोन किलोमीटरला उतरून ती चाक दाबून बघायची. टणक. पुन्हा टणक. दहा किलोमीटर झाल्यावर तिने उतरणं सोडून दिलं आणि चक्क गुणगुणायला लागली.

पाच वाजता लॉजच्या खोलीत, भिंतीला सायकल टेकवून, तिने फोन लावला. "पोचले."

 पलीकडे नवरा कुणालातरी ओरडला, "अरे, उतर खाली. पोचली ती!"

"कोण उतरतंय?"

"धाकटा. बारापासून टेम्पोत बसवून ठेवलाय त्याला. जेवला पण तिथेच."

"भावजींना? आणि मला विचारलंत का?"

"तू बोलावलंस का? मग मी तरी कुठे पाठवला?" मग त्यानेच विचारलं, "काय झालं होतं, ते तरी सांग आता."

तिने सांगितलं. गाठींपाशी आल्यावर तो इतका हसला की तीही हसायला लागली. हसता हसता ती पलंगावर आडवी झाली.

"ऐक," तो म्हणाला, "उद्या सायकलचं दुकान उघडलं की आधी नवा टायर टाक. मगच समुद्राकडे निघ."

घरी ये, असं तो म्हणालाच नाही. फोन कानाशीच ठेवून तिने डोळे मिटले.