वाटेवरचं बी

रविवारची उपासना आटोपली, जेवण अंगावर आलं, आणि प्रफुल्लाबाई आढाव बायबल उराशी धरून पलंगावर कलंडल्या आहेत. संध्याकाळी महिला मंडळात त्यांना प्रभूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर बोलायचं आहे. वाट, खडक, काटे, चांगली जमीन असं वहीत लिहून झालंय. ‘वाट’च्या पुढे, जिथं पडलेलं बी पाखरं खाऊन टाकतात, त्यांनी धाकट्या भावाचं नाव घातलंय, शमुवेल. त्याची दारू सुटावी म्हणून बाईंनी बारा वर्षं देवापुढे गुडघे झिजवले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी हात टेकले आणि त्याचं नाव प्रार्थनेतून काढून टाकलं. पालथ्या घड्यावर किती म्हणून पाणी ओतायचं?

डोळा लागतो की नाही कोण जाणे, कारण खोली तीच आहे आणि पलंगाशेजारून बैल चाललेत. मागे पेरणीची पाभर धरून आबा. आबांना जाऊन अकरा वर्षं झाली हे बाईंना पक्कं ठाऊक आहे, पण वडिलांना तोंडावर असं कसं सांगायचं?

“फुला, ऊठ. चाड्यावर मूठ धर.”

लहानपणी हे काम त्यांचंच असे. पाभरीमागे चालायचं आणि चाड्यात, त्या लाकडी वाटीत, मुठीतून बी सोडत राहायचं. वाट आली की मूठ आवळायची. दाणा सांडला तर आबा असे कावायचे की बस्स.

बाई चालू लागतात. पाभरीचं तास, ती पेरणीची रेघ, चर्चच्या फरशीवरून, बाकांच्या मधून जातं. पाळकसाहेब पाय तेवढे वर घेतात, उपदेश काही थांबवत नाहीत. पुढच्या पावलाला एसटी स्टँड आहे, डांबर आणि खडी. बाई सवयीने मूठ आवळतात.

“सोड की गं बी.”

“आबा, ही वाट आहे.”

“दिसतीय मला.”

“तुम्हीच शिकवलंत ना, वाटेवर मूठ आवळायची म्हणून!”

“ते माझं वावर व्हतं. बियाणंबी माझंच व्हतं.”

“मग हे कुणाचं?”

आबा नुसते बैलांना चुचकारतात. तास सरळ एका बाकड्याकडे निघालंय, आणि बाकड्यावर शमू झोपलाय, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. बाईंना त्याचा संताप येतो आणि त्या उघड्या पायाकडे बघून रडूही येतं.

“इथं सोडू? पाखरं खातील.”

“खातील.”

“मग कशाला सोडायचं?”

“मला काय ठावं, पोरी? म्याबी कुणाच्या तरी मागंच चालतोय.”

बाई बैलांच्या पुढे बघतात. पुढे तर कुणीच दिसत नाही.

“बारा वर्षं सोडलं, आबा! आता माझ्याकडे काही उरलं नाही.”

“मग मुठीत काय हाय?”

बाई मूठ उघडायला बघतात. बोटं निघत नाहीत. दुसऱ्या हाताने ओढतात तरी निघत नाहीत, आणि त्या धडपडीत त्यांना जाग येते.

दुपारचे चार. उजव्या तळव्यावर नखांच्या चार खुणा आहेत, एकीतून रक्त आलंय. बाई पलंगावरच बसून राहतात. संध्याकाळी काय बोलायचं ते आता त्यांना सुचत नाही, आणि आबा कुणाच्या मागे चालले होते तेही कळलेलं नाही.

“प्रभू,” त्या म्हणतात, “मला काही समजलं नाही. आमच्या शमूला...”

पुढे काय मागायचं ते आठवेना. मग त्या नुसतं त्याचं नावच पुन्हा घेतात.