करपलेला चिखल

दुपारच्या जेवणानंतर वसुधा खानोलकर नमुन्यांच्या शेडमध्ये लाकडी पेटीवर डोकं टेकते. पेटीत जमिनीच्या पोटातून कापून काढलेला काळा शेल आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा चिखल, शेवाळासकट दगड झालेला. त्या शेवाळाचं तेल झालं असणार, म्हणून ढवळीकर सरांनी पहिली विहीर खोदली. ती कोरडी गेली, पाठोपाठ सरही गेले. आता दुसरी खोदायची की कॅम्प गुंडाळायचा, ते वरून फोन आला की वसुधाने सांगायचं. तिला 'खोदा' म्हणायचंय, सरांसाठी. पंखा कुरकुरतो, पापण्या मिटतात, आणि पेटीपलीकडे सर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात बसलेले असतात. शेडला छप्पर नाही. वर हिरवं पाणी आहे.

"बस गं. ओलं आहे, पण आपलंच आहे."

"सर, तुम्ही तर…"

"गेलो. माहीत आहे, मी हजर होतो."

शेवाळ संथपणे खाली येतं, सरांच्या टकलावर बसतं. ते झटकत नाहीत.

"दुसरी विहीर लागेल ना, सर?"

"मला कुठे नेलंत?"

"विद्युतदाहिनीत. काकूच म्हणाल्या."

"तिचं बरोबरच. पण पुरलं असतंत, तर काही कोटी वर्षांत थेंबभर तरी निघालो असतो. मंद आचेचं काम ते. राखेतून काय निघणार?"

आता सरांचं स्वयंपाकघर आहे. दूध पातेल्याला लागून काळं झालंय, सर उलथन्याने खरवडताहेत.

"पण शेल इतका काळा आहे, सर."

"तिथेच चुकलो. काळं दिसलं की मला श्रीमंत वाटायचं. करपलेलंही काळंच असतं." ते उलथन्यावरची खपली पुढे करतात. "चाव."

नवीन पोरांना सर हेच आधी शिकवत. दगडाचा कण पुढच्या दातांत दळायचा, वाळू असली तर कळतेच. वसुधा चावते.

"कचकचतं?"

"नाही. लोणी आहे."

"म्हणजे चिखल उत्तम होता," सर समाधानाने म्हणतात. "लाव्हा शेजारून गेला, आच जास्त झाली, एवढंच. आपल्याला जरा उशीर झाला."

"किती?"

"जरासाच. माणूस व्हायच्या आधी यायला हवं होतं."

फोन वाजतो. वसुधाच्या गालावर फळीचा वळ उठलाय.

"काय मॅडम, खोदायचं ना?"

तोंडात काहीतरी आहे. ती तळहातावर थुंकते. काळं, मऊ. बोटाने चोळून पाहते. तेलकट नाही, नुसती काजळी.

"गुंडाळा," ती म्हणते. दात कुठेच कचकचत नाहीत.