'गाळ'च्या कॅसेटवरचं "हाय"

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मला किळस येते ती जिवंत माणसांची... तरीही हे लिहून टाकतो.

समीर आणि मी बोईसरला 'गाळ' नावाचं छोटं म्युझिक लेबल चालवायचो. संगीत कसलं — कंपन्यांचे भोंगे, पंपांची घरघर रेकॉर्ड करायची आणि कॅसेट काढायच्या. प्रत्येक कव्हर नाल्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, ही समीरची खास कल्पना. शी! पाकीट उघडायचं तर नाक दाबून, आणि लोक त्याला कला म्हणायचे. लेबल बंद पडलं तेव्हा मला तर सुटल्यासारखं वाटलं.

एकदा बेटेगावजवळच्या नाल्यात भरदुपारी माईक सोडला होता. वर मेलेले मासे तरंगत होते, आसपास चिटपाखरू नाही. घरी ऐकलं तर बुडबुड्यांमध्ये पुरुषाचा आवाज — "हाय". समीर म्हणाला, इंग्रजीतलं हाय, हॅलोवालं. तेच नाव देऊन कॅसेट काढली, आणि नेमकी तीच गाजली.

यंदा त्याला ती पुन्हा काढायची हुक्की आली. म्हणून मी घरी टेप लावून कॉम्प्युटरवर उतरवत होतो. तेवढ्यात किनाऱ्यावरच्या मुरबे गावची मासळीवाली जयामावशी सुके बोंबील घेऊन आली. तिचा नवरा धर्मा समुद्रावर गेला, बोट परत आली, तो नाही. प्रेतही सापडलं नाही. पण मावशीच्या तोंडून त्याच्याबद्दल 'होता' असं कधी निघालं नाही.

टेपवर "हाय" आलं तशी तिने बोंबील खाली ठेवले. म्हणाली, हा आमच्या धर्माचा आवाज. आपल्याकडे 'हाय' म्हणजे 'आहे', हे मला इथे जन्मून एकदाही सुचलं नव्हतं!

स्पीकरकडे वाकून तिने विचारलं, "घरी येनार हाय का?"

आधी नुसते बुडबुडे. मग तोच आवाज — "नाय."

हा शब्द त्या कॅसेटवर कधीच नव्हता. खोलीभर नाल्याची घाण सुटली, मला ओकारी झाली. पुन्हा लावली तर नुसती खरखर...

समीरला सांगितलं तर स्वारी खूश. म्हणे, कव्हरवर छापू, मेलेल्या माणसाचा आवाज! इतकं गलिच्छ मी त्या नाल्यातही पाहिलं नाही. कॅसेट मावशीला देऊन टाकली. घडलं ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला मावशी आली. तीच आपणहून म्हणाली, "रोज त्याच्या वाट्याचं कालवन झाकून ठेवायची. आता नाय ठेवत."