गंगीची माया

मुक्या जनावराच्या मायेत स्वार्थ नसतो. शेजारच्या दत्तूअण्णांची म्हैस गंगी दोन दिवस पाण्याला जेमतेम तोंड लावत होती, पण शेतातून आलेल्या अण्णांचा घामेजला दंड मात्र चाटत राहायची. "निरोप घेतेय हो माझा," म्हणत अण्णा डोळे पुसायचे.

गुरांच्या डॉक्टरबाई हसल्या. "अण्णा, माया कसली? तिला मीठ हवंय आणि तुम्ही खारट लागता!"

समुद्र सोडून युगं लोटली, तरी त्यातला चिमूटभर आपण सारे अंगात बाळगून आहोत. तो घटला की जीव त्याला शोधत फिरतो आणि बघणारे त्याला भक्ती म्हणतात.

खडेमीठ चाटून गंगी दोन बादल्या पाणी प्यायली. हरखलेल्या अण्णांनी गल्ली गोळा करून तिला ओवाळायला घेतलं. ओवाळणं अर्ध्यावर आलं तेव्हा गंगीनं शेपटी उचलली आणि बराच वेळ मुतली.