दोसूच्या गाडीचा न टिकणारा रंग

गाडीवर बसण्याआधी दोसू टाकीवर थाप मारायचा. नारळाखाली गाडी कधी लावायचा नाही. मक्याची पेज उभ्यानेच प्यायचा. पाऊस आला की पिवळा सदरा काढून सीटखाली कोंबायचा. अंग लवकर वाळतं, सदरा नाही, म्हणायचा. गिऱ्हाईक म्हातारं असलं तर गाडी कलती धरून दुसरीकडे बघायचा. चढताना धडपड झालीच, तर त्याला ओशाळं वाटू नये म्हणून.

गिल्दासने हे सगळं शेजारी उभं राहून पाहिलं होतं. साहित्याची पदवी घेऊन तोही समुद्रकाठच्या कोटोनू शहरात भाड्याच्या मोटरसायकलवाल्यांचा पिवळा सदरा घालून गाडीवर माणसं नेत होता. दोसू त्याला ‘मास्तर’ म्हणायचा.

त्या आठवड्यात दोसूचा जीव गाडीच्या एका सांध्यात अडकला होता. बंदरावरच्या मासेवाल्यांना रोज पहाटेसाठी एक पक्का गाडीवाला हवा होता. निवड अजोको मावशी करणार होती. तिने बजावलं होतं, “गंजकी गाडी नको. मागच्या माणसाची फ्रेम पुलावरच मोडली. आमचे मासे कुत्र्यांनी खाल्ले.” शनिवारी ती गाडी बघायला येणार होती.

दोसूची गाडी धडधाकट होती. फक्त सीटखाली, फ्रेमच्या वेल्डिंगपाशी, मालाच्या पेट्या घासून तळहाताएवढा रंग गेला होता. समुद्राची खारी हवा तिथे रोज लागत होती. गंज वेल्डिंगमध्ये शिरला की गाडी भंगारात. दोसू संध्याकाळी पॉलिश पेपरने जागा लख्ख घासायचा, सकाळी रंग लावायचा. चार दिवसांत पोपडे निघायचे. असं महिन्याभरात तीनदा झालं होतं.

“मास्तर, रंगवाल्याने फसवलं,” दोसू म्हणाला.

“डबे तीन, दुकानं तीन. तिघांनी मिळून फसवलं?”

“तुला शिकवून सरकारचा पैसा वाया गेला. नुसत्या शंका काढतोस.”

गुरुवारी संध्याकाळी दोसूने चौथ्यांदा घासलं. शुक्रवारी सकाळी गिल्दास जरा लवकर आला आणि दोसूच्या अंगणाच्या दारातच थबकला. होएफा आत्या गाडीशी वाकून बसली होती. आत्यानेच दोसूला लहानाचा मोठा केला होता. हातात लाल पाम तेलाची वाटी. अंगठा बुडवून ती घासलेल्या जागी तेल चोळत होती.

“आत्या, हे काय?”

“देवाचं चाललंय. ओरडू नकोस.”

“पण तिथेच का?”

“लोखंडाचा देव उघड्या लोखंडात भेटतो. रंगावर तेल लावून त्याला काय पोचणार? आमचं पोर घासून ठेवतं, मला सोयीचं पडतं.”

मग तिने पदराने जागा कोरडी पुसली.

“आणि पुसता का?”

“पुसू नको तर काय! पोराची पँट खराब होईल.”

गिल्दासने दोसूला हाक मारली. दोसू बाहेर आला, वाटी पाहिली आणि घासलेल्या जागेवर बोट फिरवलं. कोरडी दिसत होती, पण बुळबुळीत लागली. तीन वेळा त्याने तेलावर रंग लावला होता. पण आत्याला नको कसं म्हणायचं? ती गाडीला देवाचं तेल लावते हे त्याला ठाऊक होतं, कुठे ते नव्हतं; आणि तिने ते सुरू केल्यापासून तो एकदाही पडला नव्हता. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

मग गाडीच्या स्टँडकडे बघत दोसूने विचारलं,

“आत्या, देव मोठा ना?”

“मोठाच.”

“मग त्याला सीटखाली कशाला दडपतेस? हा स्टँड बघ. रंग कधीच उडालाय. अख्खा उघडा, जमिनीला टेकलेला.”

आत्याने स्टँड निरखला. “हे आधी सांगायला तोंड नव्हतं? माझी कंबर गेली वाकून वाकून.”

तिने उरलेलं सगळं तेल स्टँडवर ओतलं. दोसूने पेट्रोलच्या बोळ्याने सांधा पुसला, पुन्हा घासला, पुन्हा पुसला. मग लाल प्रायमर लावला आणि दिवसभर गाडी हलवली नाही.

शनिवारी तो काळा रंग लावायला बसला, तोच अजोको मावशी आली. अजून उजाडायचं होतं, गिल्दास टॉर्च धरून उभा होता.

“हे लाल काय? जखम झालीय का गाडीला?”

“अस्तर आहे, मावशी. वरून काळा लावतोय.”

तिने नख रोवून जोरात ओढलं. नख लाल झालं नाही. तिने आणखी एकदा ओढून पाहिलं.

“काळं नंतर कर. होड्या लागल्यात, ऊन चढलं की मासे नासतात. चल.”

दोसूने गिल्दासकडे पाहिलं. टाकीवर थाप मारायचंही विसरला.

गाडी गल्लीतून गेली. डब्याचं झाकण उघडं होतं, ब्रश रंगात उभा. फ्रेमवर काळा रंग जेमतेम बोटभर लागला होता.