तांदळातलं नाव

हजेरीपुस्तक वर्षाअखेरी शाळेच्या कपाटात जातं. नावं मात्र गुरुजीच्या मागं घरापर्यंत येतात. निमोण्याच्या शाळेत मी तेवीस वर्षं पहिलीच्या पोरांची नावं लिहिली. आता दुपारी डोळा लागला की त्यांतलंच कुणीतरी 'हजर' म्हणतं.

गेल्या महिन्यात तर फारच गर्दी झाली. पाटसला दिलेल्या माझ्या लेकीला मुलगी झाली. लेकीची आई, म्हणजे माझी बायको, जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. लेकीनं एसटीडी बूथवरून फोन केला. "बाबा, आईचं नाव ठेवायचंय. तुम्ही हो म्हणालात तरच."

बारसं रविवारी. "सांगतो," म्हणालो, आणि रोज नुसता आठवत बसलो.

पहिला आठवला आबा. वय वर्षं सहा. आजोबांचं नाव ठेवलेलं. मी वर्गात नावानं ओरडलो, तर दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात.

"गुरुजी, सासऱ्याचं नाव हाय त्ये. घरात कुणी घेत न्हाई, आबाच म्हणतो. आन् अरेतुरे बी न्हाई करत."

"मग चुकला तर?"

"चुकल्यावर मारा की. पण मानानं."

त्या वर्षी पाढे चुकले की मी म्हणायचो, "आबा, तुम्ही जरा अंगठे धरा."

मग आठवले विहाराशेजारी राहणारे कचरूमामा. हंगामात कारखान्यावर जायचे. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं यांना कचरू म्हटलं. असल्या नावाच्या पोराकडं मरण ढुंकून बघत नाही, असा समज. ते लेकीला शाळेत घालायला आले. नाव संघमित्रा.

"घरी काय म्हणता?"

"संघमित्रा."

"लांब पडतंय. मित्रा म्हणू का?"

"माझं नाव भीतीपोटी ठेवलं, गुरुजी. हिचं मी हौसेनं ठेवलंय. पुरं घ्या."

तरी एकदा हजेरी घेताना तोंडून 'मित्रा' गेलंच. पोरगी समोर बसलेली, पण हूं की चूं नाही. गैरहजर मांडायला पेन टेकवलं, तेव्हा शेजारची कुजबुजली, "गुरुजी, आजून थोडं नाव ऱ्हायलंय."

जनगणनेच्या कामात एका म्हातारीला नाव विचारलं.

"कंचं सांगू? सासरचं का माह्यारचं?"

"तुमचं सांगा, आजी."

ती उंबऱ्यावर बसली. कोंबड्या अंगणात टिपत होत्या, उन्हं सरकत होती. बऱ्याच वेळानं तिनं आत वळून सुनेला विचारलं, "आगं, माजं कंचं गं?"

तेव्हा मी हसलो होतो. खरं तर माझ्या घरातही वेगळं काही नव्हतं.

बायको राहू गावची. पौर्णिमेला जन्मली म्हणून वडिलांनी नाव ठेवलं इंदू, म्हणजे चंद्र. पण माझ्या आईचं नावही इंदूच. सुनेला सासूच्या नावानं हाक कोण मारणार? लग्नात ताटातल्या तांदळावर मी अंगठीनं लिहिलं, 'सुनंदा'. तिनं वाकून वाचलं आणि हळूच म्हणाली, "अक्षर चांगलंय."

पुढं सहा महिने सुनंदा म्हणून हाक आली की ती मागं वळून बघायची, आणखी कोण आलंय म्हणून.

शेवटी दौंडच्या दवाखान्यात ती कुणालाच ओ देईना. सुनंदा, आई, काकू, सगळ्या हाका मारून झाल्या. मग राहूहून तिचा थोरला भाऊ आला. एसटीची धूळ तशीच अंगावर.

"इंदे," तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले.

रविवारी पाटसला पाळणा सजला. मी चिठ्ठी लेकीच्या हातात ठेवली. तिनं वाचली, घडी घातली आणि नणंदेला दिली. नणंद, म्हणजे बाळाची आत्या, पाळण्यावर वाकली, कानात नाव सांगितलं, पाठीत बायकांचे धपाटे खाल्ले आणि मग मोठ्यानं म्हणाली, "इंदू."

विहीणबाई जरा गोंधळल्या. "आमाला वाटलं सुनंदा ठेवायचं. इंदू म्हंजी तुमच्या आईंचं ना, गुरुजी?"

लेक माझ्याकडं बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "राहूच्या एका मुलीचं."